समुद्रातलं तेल, चर्चची वही

ह्यूस्टनी_भाऊ

गॅरेज आवरताना २००८ सालच्या पेट्रोलच्या पावत्यांचा गठ्ठा हाती लागला. त्या उन्हाळ्यात दर शनिवारी टाकी भरली की मी पावती जपून ठेवायचो. का, ते आता आठवत नाही. पुढे कुणाला तरी दाखवून सहानुभूती मिळवायची असेल. शाई उडालीय, पण एकीवर गॅलनला चार डॉलर आणि वर काही सेंट एवढं अजून वाचता येतं. ११ जुलैला कच्च्या तेलाचं पिंप १४७ डॉलरच्या पार गेलं होतं आणि आमच्या कँटीनमध्ये दुसरा विषयच नव्हता: समुद्रात विहिरी खोदू द्या.

ज्यांना हे प्रकरण आठवत नाही त्यांच्यासाठी थोडं मागे जातो. १९६९ च्या जानेवारीत कॅलिफोर्नियात सांता बार्बराजवळ समुद्रातली एक विहीर फुटली, किनारा काळा झाला. लोकांच्या मनात ती भीती बसली ती बसलीच. १९८१ पासून अमेरिकन संसद दर वर्षी खर्चाच्या विधेयकात एक कलम घालायची, की किनाऱ्यालगतच्या बहुतेक समुद्रात नवीन भाडेपट्टे द्यायचे नाहीत. त्यावर थोरल्या बुशनी १९९० मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाचं दुसरं कुलूप लावलं. धाकट्या बुशनी १४ जुलै २००८ ला वडिलांचं कुलूप काढलं. उरलं ते संसदेचं.

निवडणुकीचं वर्ष. रिपब्लिकन उमेदवार मॅकेन जूनमध्येच 'खोदा' म्हणून मोकळे झाले होते. डेमोक्रॅट उमेदवार ओबामांचा विरोध होता. मग १ ऑगस्टला फ्लोरिडाच्या दौऱ्यात त्यांनी सूर बदलला: व्यापक ऊर्जा धोरणाचा भाग म्हणून मर्यादित खोदकाम असेल तर आपण अडून बसणार नाही. कारण त्याच दिवशी सिनेटमधले पाच डेमोक्रॅट आणि पाच रिपब्लिकन एक मसुदा घेऊन पुढे आले होते. मेक्सिकोच्या आखाताचा पूर्व भाग खुला करायचा, पण फ्लोरिडापासून ५० मैल सोडून. व्हर्जिनिया, दोन्ही कॅरोलायना आणि जॉर्जिया यांना आपापलं ठरवू द्यायचं. बदल्यात तेल कंपन्यांच्या काही करसवलती काढायच्या आणि २० वर्षांत ८५% नव्या गाड्या पेट्रोलशिवाय चालतील असं बघायचं. त्याच सुमारास प्रतिनिधिगृहाला सुट्टी लागली तर रिपब्लिकन सदस्य दिवे मालवलेल्या सभागृहात उभे राहून भाषणं ठोकत होते. मला ते दृश्य फार आवडलं होतं. गावची सभा संपल्यावर सतरंजी गुंडाळली तरी बोलतच राहणारे काका आठवले.

शेवटी काय झालं? दहा जणांचं विधेयक मार्गी लागलंच नाही. ३० सप्टेंबरला संसदेच्या बंदीची मुदत संपत होती, ती पुन्हा घातली नाही. बस्स. तडजोड म्हणून जे सोडायचं ते सुटलं आणि जे मिळवायचं ते मसुद्यातच राहिलं. गंमत म्हणजे सरकारच्याच ऊर्जा माहिती विभागाने आदल्या वर्षी सांगून ठेवलं होतं की हा समुद्र खुला केला तरी २०३० पर्यंत उत्पादनावर किंवा दरावर म्हणण्यासारखा परिणाम होणार नाही. पंपावर उभ्या असलेल्या माणसाला हे कोण सांगणार?

आता दुसरी गोष्ट. आमच्या टेबलावर लुइझियानाचे एक गृहस्थ बसायचे. साठीचे, हयात तेलाच्या धंद्यात गेलेली, मनाने लोणी. पगाराचा दहावा भाग चर्चला, म्हणजे दशांश. तो निम्मा गावच्या चर्चला आणि निम्मा टीव्हीवरच्या एका प्रवचनकाराला. नोव्हेंबर २००७ मध्ये आयोवाचे रिपब्लिकन सिनेटर चक ग्रासली यांनी अशाच सहा टीव्ही-प्रवचनकारांना पत्रं पाठवून हिशेब मागितला होता: केनेथ कोपलँड, क्रेफ्लो डॉलर (हो, आडनाव खरंच डॉलर), बेनी हिन, एडी लाँग, जॉइस मायर आणि पॉला व्हाइट. खाजगी विमानं, घरं, मोटारी, पगार कोण ठरवतं, मंडळावर नातेवाईक किती. जॉइस मायर यांच्या संस्थेला तर संगमरवरी माथ्याच्या २३,००० डॉलरच्या कमोडबद्दल विचारणा होती.

मी एकदा भीत भीत विचारलं, तुमचा पैसा कुठे जातो हे तुम्हाला कळायला नको का? ते म्हणाले, "मी देवाला देतो. पुढचं देव आणि तो माणूस बघून घेतील." अर्ध्या तासापूर्वी समुद्रातल्या विहिरींबद्दल मी असंच विचारलं होतं, गळती झाली तर? तेव्हा म्हणाले होते, "कंपनीच्या लोकांना आपलं काम कळतं."

तेव्हापासून या दोन बातम्या माझ्या डोक्यात एकत्र राहतात. दोन्हीकडे भांडण झालं ते 'परवानगी द्यायची की नाही' यावर. मोजणार कोण, वही कोण बघणार, यावर कुणी तासभरही घालवला नाही. तुमचं मत?

&nbsp;

टवाळ_टिटवी

२३ हजारांचा कमोड! त्यावर बसून माणूस काय काय आत्मपरीक्षण करत असेल.

&nbsp;

चहा_बिस्कीट

भाऊ, लेख छान. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

(पुढचा भाग आहे ना? की पावत्या संपल्या?)

&nbsp;

अनया_डॅलस

टिटवी, तुझ्यासकट निम्म्या अमेरिकेने तोच विनोद केला होता. पण तो 'कमोड' म्हणजे आपला कमोड नव्हे. जुन्या घडणीच्या, खणांच्या उंच कपाटाला तसं म्हणतात. संस्थेने तेव्हाच खुलासा केला होता. किंमत तीच ठेव, फक्त त्यावर बसू नकोस.

आणि हेही सांगायला हवं की त्या सहा जणांत जॉइस मायर आणि बेनी हिन यांनीच सविस्तर उत्तरं दिली, कारभारात बदलही केले. बाकी चौघांनी अर्धवट माहिती दिली किंवा दिलीच नाही. लोकांच्या लक्षात मात्र कपाट राहिलं. जो वही उघडतो त्याचीच चेष्टा, जो उघडत नाही त्याच्याबद्दल हसायला काही सापडतच नाही.

&nbsp;

सीए_अण्णा

धाग्याच्या दुसऱ्या अर्ध्यावर लिहितो, पहिलं माझं क्षेत्र नाही.

अमेरिकेत करमुक्त धर्मादाय संस्थेला दर वर्षी ९९० नावाचा फॉर्म भरावा लागतो. उत्पन्न, खर्च, वरच्या अधिकाऱ्यांचे पगार, सगळं त्यात येतं आणि तो कुणालाही बघता येतो. अनाथाश्रम भरतो, कुत्र्या-मांजरांचं निवारागृह भरतं. चर्चला माफ. नोंदणीचा अर्ज करणंही माफ, चर्च आपोआप करमुक्त. शिवाय १९८४ च्या कायद्याने असं ठरलं की चर्चची तपासणी सुरू करायची तर कोषागाराच्या वरिष्ठ अधिकाऱ्याला आधी 'सबळ कारण आहे' असं लेखी नोंदवावं लागतं. त्यावर धर्मगुरूंच्या घरभत्त्यावर आयकर नाही. या सवलतीला निरीश्वरवाद्यांच्या एका संघटनेने आव्हान दिलं होतं, २०१९ मध्ये वरच्या न्यायालयाने ती कायम ठेवली. तीन पदर झाले: विचारायचं नाही, तपासायचं नाही, घरावर कर नाही.

ग्रासलींच्या चौकशीचा शेवट वाचला की हसावं की रडावं कळत नाही. अहवाल आला जानेवारी २०११ मध्ये. शिक्षा नाही, दंड नाही, कुणावर गुन्ह्याचा ठपका नाही. ज्यांनी उत्तरं दिली नाहीत त्यांच्यावर समन्सही नाही. उलट, सुधारणा सुचवण्याचं काम इव्हँजेलिकल ख्रिस्ती संस्थांच्याच एका आर्थिक-उत्तरदायित्व मंडळाकडे सोपवलं. त्या मंडळाने आयोग नेमला. आयोगाने डिसेंबर २०१२ मध्ये सांगितलं की चर्चवर ९९० ची सक्ती नको. आपलेच दात, आपलेच ओठ.

&nbsp;

मी_माझी

अण्णा, पण सरकार चर्चच्या वह्या बघायला लागलं तर ती धर्मात ढवळाढवळ नाही का? उद्या सरकारला न आवडणाऱ्या चर्चलाच नोटिसा जातील. माझ्या मते ग्रासलींनी थांबायचं तिथेच थांबले.

&nbsp;

सीए_अण्णा

भीती खोटी नाही. पण आपल्या घरचं उदाहरण बघा. १९५० चा मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, आता महाराष्ट्राचा. त्यातली 'सार्वजनिक न्यास'ची व्याख्या काढून वाचा: मंदिर, मठ, चर्च, सिनेगॉग, अग्यारी, सगळे एका ओळीत बसवलेत. सगळ्यांनी धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी करायची, हिशेब तपासून घ्यायचे, अनुसूची ८ चा ताळेबंद आणि ९ चं उत्पन्न-खर्च पत्रक द्यायचं, विश्वस्त बदलला तर चेंज रिपोर्ट. याला आव्हान मिळालं, रतिलाल पानाचंद गांधी यांचा खटला, १९५४. सर्वोच्च न्यायालयाने काही कलमं उडवली, पण गाभा ठेवला: पूजा कशी करायची हे सरकार सांगणार नाही, मालमत्तेचा कारभार मात्र कायद्याने नियंत्रित करता येईल, तो काढून घेऊन दुसऱ्याच्या हाती देता येणार नाही.

आता लगेच कुणी 'मग आपल्याकडे सगळं आलबेल आहे का' विचारेल, म्हणून आधीच सांगतो. तीस वर्षं न्यासांचं ऑडिट करतोय. एका देवस्थानाच्या वहीत 'किरकोळ खर्च' हा सर्वांत मोठा खर्च होता. मी विचारलं तर विश्वस्त म्हणाले, "अण्णा, देवाचं किरकोळ म्हणजे आपलं मोठंच असणार." पण फरक एवढाच की मी विचारू शकलो आणि अहवालात लिहू शकलो.

&nbsp;

टवाळ_टिटवी

अण्णा, ते देवस्थान कुठलं ते व्यनि (खासगी निरोप) करा. नवस बोलायचाय.

&nbsp;

नंदाखालकर

शीर्षकात 'चर्च' ठीक आहे, पण पुढे कुणी 'पाद्री पाद्री' सुरू करण्याआधी सांगतो: आमच्याकडे फादर किंवा धर्मगुरू म्हणतात, आणि टीव्हीवरच्या त्या मंडळींना आमच्या फादरांच्या रांगेत बसवू नका. दोन वेगळी झाडं आहेत.

मी वसईचा, कॅथलिक. आमच्या धर्मग्रामाच्या, म्हणजे एका चर्चच्या भाविकांच्या समुदायाच्या, अर्थसमितीत सहा वर्षं होतो. ही समिती म्हणजे कुणाची हौस नव्हे. चर्चच्या कायद्यात, ५३७ व्या कलमात लिहिलंय की प्रत्येक धर्मग्रामाला अशी समिती असलीच पाहिजे. लोकांनी दिलेल्या दानाचा हिशेब लोकांना द्यावा असंही दुसरं एक कलम सांगतं. फादरांच्या वर बिशप, शिवाय अण्णा म्हणतात तो धर्मादाय आयुक्त. टीव्हीवरच्या प्रवचनकाराच्या वर कोण? संस्था त्याने काढली, मंडळावर बायको, मुलगा, मेहुणा आणि एक मित्र. त्याचा पगार तेच ठरवणार. तिथे बिशप नाही, सिनड (धर्मसभा) नाही, आणि अण्णांनी सांगितल्याप्रमाणे सरकारही नाही.

आमच्याकडे भांडणं नसतात असं नाही. एका वर्षी फेस्ताच्या (चर्चच्या सणाच्या) बँडवर किती खर्च झाला यावरून नोटीस बोर्डासमोर दोन भाऊ वर्षभर बोलेनासे झाले. कागदावर आकडा होता म्हणून भांडता तरी आलं. आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर आमची समिती सल्लागार असते, शेवटचा शब्द फादरांचा. फादर चांगले असले तर सगळं सुरळीत. नसले तर समितीने फक्त चहा प्यायचा. हे मी पाहिलंय, धर्मग्रामाचं नाव सांगणार नाही.

२०१८ मध्ये जेसी ड्युप्लँटिस नावाच्या प्रवचनकाराने ५.४ कोटी डॉलरच्या विमानासाठी भाविकांना हाक दिली आणि म्हणाला की येशू आज पृथ्वीवर असता तर गाढवावरून फिरला नसता. येशू गाढवावरून यरुशलेमात आला त्या आमच्या झावळ्यांच्या रविवारचं काय करायचं मग? झावळ्या घेऊन जुहूच्या विमानतळावर जायचं?

&nbsp;

अनया_डॅलस

नंदाखालकर, शेवटच्या परिच्छेदाला दंडवत.

त्याआधी २०१५ मध्ये क्रेफ्लो डॉलर यांनी ६.५ कोटींच्या विमानासाठी दोन लाख लोकांनी प्रत्येकी ३०० किंवा जास्त डॉलर द्यावेत असं आवाहन केलं होतं. म्हणजे ग्रासलींचा अहवाल येऊन चार वर्षं झाली होती. स्वतःहून सुधारणा!

&nbsp;

सागरसम्राट_७९

उशिरा बघितला धागा. मी तेलवाला आहे, १९७९ पासून निवृत्तीपर्यंत मुंबई हाय. नाव कशावरून घेतलंय ते जाणकारांना कळेलच: 'सागर सम्राट' या समुद्रात विहिरी खोदणाऱ्या रिगने १९७४ च्या फेब्रुवारीत तिथे तेल शोधलं. चौदा दिवस समुद्रात, चौदा दिवस घरी. मुलांच्या निम्म्या वाढदिवसांना मी जुहूहून हेलिकॉप्टरने निघून गेलेला असायचो.

भाऊंच्या त्या गृहस्थांचं वाक्य, 'कंपनीच्या लोकांना आपलं काम कळतं', हे खरं आहे. आम्हाला काम कळायचंच. प्रश्न तो नसतोच. प्लॅटफॉर्मवर वेल्डिंग करायचं तर वर्क परमिट लागतं. वेल्डरला वेल्डिंग माझ्यापेक्षा चांगलं कळतं, तरी परमिटवर सही त्याची चालत नाही. ज्याला ते काम लवकर उरकण्यात फायदा नाही अशा माणसाची लागते. सगळी सुरक्षा त्या एका सहीत आहे. सही करणारा त्याच घाईत सापडला की संपलं.

२७ जुलै २००५. सगळ्यांना २६ तारीख आठवते, दुसऱ्या दिवशी समुद्रात काय झालं ते कुणाला आठवत नाही, कारण मुंबईच पाण्याखाली होती. 'समुद्र सुरक्षा' नावाची बोट एका जखमी माणसाला उतरवायला बीएचएन प्लॅटफॉर्मजवळ आली. पावसाळी लाटा, बोट ढकलली गेली, राइझरला धडकली. राइझर म्हणजे समुद्राच्या तळातून तेल-वायू वर आणणारा पाइप. गळती, मग आग. दोन तासांत अख्खा प्लॅटफॉर्म गेला. २२ माणसं गेली, साडेतीनशेच्या वर वाचली. बोटीचं नाव पुन्हा वाचा. त्या पाळीत मी नव्हतो, माझ्या खोलीतला सोबती होता. वाचला. पण नंतर दहा वर्षं त्याने घरात गॅस पेटवला नाही, बायकोला सांगायचा.

अमेरिकेचं म्हणाल तर मेक्सिकोच्या आखातातल्या डीपवॉटर होरायझन या रिगच्या दुर्घटनेचा तपास अहवाल मी निवृत्तीत पुस्तकासारखा वाचलाय. २ एप्रिल २०१० ला ओबामा म्हणाले होते की हल्लीच्या रिग्जमधून सहसा गळती होत नाही, तंत्रज्ञान फार पुढे गेलंय. नवा समुद्र खुला करायची घोषणा त्यांनी दोनच दिवस आधी केली होती. २० एप्रिलला स्फोट. ११ माणसं. विहीर बंद व्हायला ८७ दिवस. आणि भाऊ, 'कंपनीला काम कळतं' म्हणाल तर: गळती झाल्यास काय करायचं याचा जो आराखडा ती विहीर खोदणाऱ्या बीपी या तेल कंपनीने मेक्सिकोच्या आखातासाठी सरकारला दिला होता, त्यात जपायच्या प्राण्यांमध्ये वॉलरस होते. वॉलरस! बर्फातला प्राणी. उत्तर ध्रुवाकडचा कुठला तरी कागद उचलून चिकटवला होता, आणि सरकारी कचेरीत कुणीही न वाचता तो मंजूर झाला होता.

&nbsp;

टवाळ_टिटवी

आजोबा, आमच्या सोसायटीच्या अग्निशमन आराखड्यात हेलिपॅड आहे. सोसायटी तीन मजली.

&nbsp;

ह्यूस्टनी_भाऊ

सागरसम्राट काका, 'सही करणारा त्याच घाईत सापडला की संपलं' हे मला चार परिच्छेदांत सांगता आलं नव्हतं.

तुम्ही म्हणताय ती कचेरी म्हणजे मिनरल्स मॅनेजमेंट सर्व्हिस. तिच्याकडे तीन कामं एकाच वेळी: समुद्र भाड्याने द्यायचा, त्याची रॉयल्टी (काढलेल्या तेलातला सरकारचा वाटा) वसूल करायची, आणि सुरक्षाही बघायची. दुकानदार, वसुलीवाला आणि फौजदार एकच. सप्टेंबर २००८ मध्ये, म्हणजे संसदेत बंदी उठवायची घाई चालली होती नेमक्या त्याच महिन्यात, खात्याच्या महानिरीक्षकांचा अहवाल बाहेर आला. डेन्व्हरच्या रॉयल्टी कचेरीतल्या जवळपास एक तृतीयांश लोकांनी तेल कंपन्यांकडून भेटी आणि पाहुणचार घेतला होता. पार्ट्या, अमली पदार्थ, आणि कंपन्यांच्या माणसांशी शरीरसंबंधसुद्धा. कुंपणच शेत खात होतं. वर्तमानपत्रांनी चवीने छापलं. तरी त्या महिन्यातल्या तडजोडीच्या बोलण्यात 'आधी ही कचेरी दुरुस्त करा, मग खोदा' अशी अट कुणी लावून धरली नाही. कचेरी मोडून तिचे तुकडे केले ते २०१० नंतर, ११ माणसं गेल्यावर.

वसुलीची कथा तर वेगळीच. १९९५ मध्ये खोल समुद्रात कंपन्यांनी जावं म्हणून रॉयल्टीत सूट दिली, आणि तेल महाग झालं की सूट बंद, अशी अट होती. १९९८ आणि १९९९ च्या भाडेपट्ट्यांत ती अट लिहायचीच राहून गेली. राहून गेली! जनतेचे अब्जावधी डॉलर एका न लिहिलेल्या ओळीने गेले.

&nbsp;

अनया_डॅलस

भाऊ, इथे मी थोडी भांडते. तुमच्या लिहिण्यातून तडजोड म्हणजेच पाप असं ध्वनित होतंय. मला ते पटत नाही. २०२२ चा हवामान कायदा घ्या. वेस्ट व्हर्जिनियाचे सिनेटर जो मॅन्चिन यांच्या मताशिवाय तो होणारच नव्हता. त्यांची अट: समुद्रात पवनचक्क्यांना भाडेपट्टा द्यायचा तर आधीच्या वर्षभरात तेल-वायूसाठी सहा कोटी एकर समुद्र लिलावाला काढलेला असला पाहिजे. पर्यावरणवाल्यांनी दात ओठ खाल्ले. पण त्या बदल्यात सौर आणि वाऱ्याच्या विजेला मिळालेली मदत अमेरिकेच्या इतिहासातली सर्वांत मोठी होती. दगडापेक्षा वीट मऊ. माझ्या नवऱ्याची नोकरी त्या मदतीवर चालली, म्हणून पक्षपाती आहे म्हणा हवं तर.

&nbsp;

ह्यूस्टनी_भाऊ

अनयाताई, पाप नव्हे. मी २०२२ मध्ये तुमच्याच बाजूने वाद घातला होता, आमच्या गणपतीच्या जेवणात, आणि एका मित्राला दुखावलं होतं. पण तीन वर्षांनंतरचा हिशेब करून बघा. जानेवारी २०२५ मध्ये ट्रम्पनी पहिल्याच दिवशी समुद्रातल्या पवनचक्क्यांचे नवे भाडेपट्टे थांबवले. त्या जुलैच्या कायद्याने सौर-पवनच्या सवलतींना कात्री लागली. जमिनीवरच्या तेलाची रॉयल्टी १९२० पासून साडेबारा टक्के होती, ती २०२२ मध्ये १६.६७ केली होती, तीही पुन्हा साडेबारावर आणली. म्हणजे देवाणघेवाणीतलं आपलं घेणं परत गेलं. दिलेले भाडेपट्टे मात्र दहा-दहा वर्षांचे करार आहेत, ते कुठे जात नाहीत.

तडजोड करावी. पण एका बाजूचा माल रोख आणि दुसरीचा उधार असेल तर त्याला काय म्हणायचं?

&nbsp;

अनया_डॅलस

मान्य, अर्धं. उरलेलं अर्धं अजून चावतेय. त्या तीन वर्षांत उभी राहिली ती पॅनेलं कुणी उपटून नेली नाहीत. तोही रोख मालच.

&nbsp;

मी_माझी

तेल आणि चर्च एकत्र आले म्हणून आठवलं: अलास्काच्या आर्क्टिक अभयारण्यात हे दोघं खरंच समोरासमोर आहेत ना?

&nbsp;

अनया_डॅलस

हो, आणि तिथे चर्च वेगळ्याच बाजूला उभं आहे. तिथले ग्विचिन लोक कॅरिबू हरणांच्या कळपावर जगतात, आणि कळप विणीसाठी नेमका तेलाच्या पट्ट्यात उतरतो. ग्विचिन बहुतेक एपिस्कोपल या ख्रिस्ती पंथाचे, म्हणून त्या चर्चने १९९१ पासून खोदकामाविरुद्ध ठराव केलेत. पण पट्ट्यातच वसलेल्या काक्टोविक गावच्या इन्युपिआट लोकांपैकी बऱ्याच जणांना तेल हवंय. शाळा, दवाखाना, पाण्याचे नळ त्या पैशांवर आले. दूर बसून त्यांना नाकं मुरडणं सोपं आहे.

त्याचीही तडजोड झाली २०१७ मध्ये. करकपातीच्या कायद्याला अलास्काच्या लिसा मर्कोव्स्की यांचं मत हवं होतं, म्हणून त्यात अभयारण्याचे दोन लिलाव घातले. करकपातीची तूट भरायला त्यातून अब्जभर डॉलर येतील असं कागदावर दाखवलं. जानेवारी २०२१ च्या पहिल्या लिलावात मोठ्या कंपन्या फिरकल्याच नाहीत, सर्वांत जास्त पट्टे अलास्का सरकारच्याच महामंडळाने घेतले, जमा झाले साधारण १.४४ कोटी. जानेवारी २०२५ च्या दुसऱ्या लिलावात एकही बोली नाही.

&nbsp;

सागरसम्राट_७९

याचं आश्चर्य नाही. तिथे रस्ता नाही, पाइप नाही, वर्षातले काही महिनेच काम. विहीर खोदणारा राजकारण्यांपेक्षा हिशेबी असतो.

आणि आपली पाठ थोपटण्याआधी एक: आपल्याकडे समुद्रातल्या सुरक्षेवर नजर ठेवणारं तेल उद्योग सुरक्षा संचालनालय पेट्रोलियम मंत्रालयाखाली आहे. आमची कंपनीही त्याच मंत्रालयाखाली. माणसं चांगली आहेत, मी त्यांच्याबरोबर काम केलंय. पण सही कोणाची, हा प्रश्न मी मघाशी विचारलाच आहे.

&nbsp;

राष्ट्रभक्त_१०८

हे सगळं ठीक, पण धर्मांतराच्या पैशांबद्दल

[प्रतिसादाचा उरलेला भाग संपादित]

&nbsp;

संपादक

विषय हिशेबाचा आहे, धर्माचा नाही. त्या चर्चेसाठी जुने चाळीस धागे आहेत, तिथे जावे.

&nbsp;

नंदाखालकर

संपादकांचे आभार. त्या चाळीसपैकी अडतीस धाग्यांवर मी उत्तरं देऊन थकलोय.

अण्णांना एक प्रश्न. अमेरिकेतल्या भाविकाला आपल्या चर्चचे हिशेब मागायचा काहीच मार्ग नाही का?

&nbsp;

सीए_अण्णा

जिथे सभासद मतदान करतात अशी चर्चेस आहेत. बॅप्टिस्ट, प्रेस्बिटेरियन वगैरे. तिथे अंदाजपत्रक सभेसमोर येतं. ग्रासली स्वतः बॅप्टिस्टच. काही चर्चेस स्वखुशीने हिशेब छापतात. पण टीव्हीवर बघून चेक पाठवणारा सभासद नसतोच, तो फक्त देणारा. फसवणूक सिद्ध झाली तर फौजदारी कायदा आहेच: टीव्ही-प्रवचनकार जिम बेकर १९८९ मध्ये दोषी ठरले, ४५ वर्षांची शिक्षा झाली, पुढे ती कमी होऊन १९९४ मध्ये सुटले. पण ते घर जळून गेल्यावर. देणाऱ्याच्या हातात एकच कागद येतो, वर्षाअखेरीचं पत्र: आपण अमुक डॉलर दिलेत. तेही आयकरात वजावट मिळावी म्हणून. त्याने काय दिलं ते त्याला कळतं, त्याचं काय झालं ते नाही.

&nbsp;

चहा_बिस्कीट

भाऊ, ते लुइझियानाचे गृहस्थ? पुढे काय झालं त्यांचं?

&nbsp;

ह्यूस्टनी_भाऊ

हा प्रश्न कुणी विचारू नये असं वाटत होतं, आणि विचारावा असंही.

ते २०१२ मध्ये निवृत्त होऊन गावी गेले. अधूनमधून फोन असतो. अण्णांनी त्या पत्राचा उल्लेख केला म्हणून सांगतो.

त्यांचा धाकटा भाऊ कोळंबीच्या बोटीवर. २०१० च्या उन्हाळ्यात गळतीमुळे मासेमारी बंद, बोट धक्क्याला बांधलेली. भरपाई मिळणार होती, पण आधीच्या वर्षांची कमाई कागदावर दाखवा असं सांगितलं. कोळंबीचा धंदा सगळा रोखीचा. सकाळी धक्क्यावर माल उतरवायचा, व्यापारी नोटा मोजून देणार, त्या खिशात. पावती कोण देतो, कोण मागतो? शेजारच्या बोटीवाल्यांचीही तीच गत.

शेवटी यांच्याच डोक्यात आलं. भाऊही दशांश देणारा, तोही सगळा गावच्या छोट्या चर्चला, टीव्हीवाल्याला एक छदाम नाही. त्या चर्चचे हिशेब एक म्हातारी शिक्षिका जुन्या पद्धतीने वहीत ठेवायची, सेंटसकट. तिने तीन वर्षांची पत्रं लिहून दिली: या इसमाने अमुक साली इतके डॉलर दिले. त्याला दहाने गुणलं की कमाई! दोघे भाऊ इस्त्रीचे शर्ट घालून भरपाईच्या कचेरीत गेले.

समोरच्या मुलीने तिन्ही पत्रं दोनदा वाचली, आणि विचारलं, "हा दहावाच भाग होता, हे कशावरून?"